मीटरवरचा लाल ठिपका

[दृश्य: विजेचा मीटर, अगदी जवळून]

हा लाल ठिपका बघा. लुकलुकला. आता थांबा. वीस, एकवीस, बावीस... पुन्हा लुकलुकला.

या मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलाय. ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरलं. आत्ता घरात एकही दिवा चालू नाही, फ्रीजचा कॉम्प्रेसरही थांबलाय. तरी दर बावीस सेकंदांनी ठिपका लागतोच. म्हणजे साधारण ५० वॅट, दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपास. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर, संगणक. रिमोटने झोपवलेले, पण सगळे जागे.

[दृश्य: गिझरचं बटण, मग पुन्हा मीटर]

गिझर लावला. ठिपका आता सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतोय. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर ०.७ युनिट लागतं. २००० वॅटच्या गिझरला वीस-एकवीस मिनिटं. एवढं लागणारच. नासाडी होते ती त्यानंतर. सुट्टीत कोणी सातला उठतं, कोणी अकराला. तोवर बटण तसंच. टाकीतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट कॉइल पुन्हा तापवतो, पाणी पुन्हा निवतं. अंघोळी एकापाठोपाठ एक उरकल्या, तर हा खेळ होतच नाही.

[दृश्य: दिव्यांच्या दोन माळा, शेजारी शेजारी]

डावीकडची जुनी, शंभर बारीक बल्बांची, सुमारे ४० वॅट. बोट लावलं की कोमट लागते. उजवीकडची एलईडीची, सहाएक वॅट. हिच्यामागे मोठी तपश्चर्या आहे. लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच करून दाखवला होता. अडलं होतं निळ्यापाशी, आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश मिळेना. लख्ख निळा एलईडी यायला १९९० चं दशक उजाडलं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण घरात बोलणी बसतात ती माळांनाच, आणि आम्हाला ते पटत नाही. रोज सहा तास, पंधरा दिवस लावली तर जुनी माळ ३.६ युनिट घेते. एलईडीची, जेमतेम अर्धं युनिट. आणि हा कोपऱ्यातला १५०० वॅटचा हीटर? जुन्या माळेचं पंधरा दिवसांचं खाणं तो अडीच तासांच्या आत संपवतो.

[दृश्य: खिडकी. पडदा बाजूला. आजीच्या हातात मेणबत्ती]

म्हणून आजींनी सकाळपासून हे काम हाती घेतलंय. ज्योत चौकटीच्या कडेने हळूहळू फिरते. इथे सरळ. इथेही सरळ. खालच्या कोपऱ्यात आली... आणि आडवी झाली. नात तिथे खडूने खूण करते. एका खिडकीला तीन खुणा निघाल्या. मग फटींत फोमची पट्टी, दाराखाली जुन्या चादरीची घट्ट वळकटी. ऊन आहे तोवर पडदे उघडे, कलतं झालं की ओढलेले.

फटी बुजल्या की हीटरचा काटाही खाली आणता येतो. बाहेर ५ अंश, आत २०, तर फरक पंधराचा. आतलं एका अंशाने उतरवलं की बाहेर जाणारी उष्णता साधारण पंधराव्या हिश्शाने घटते. एक स्वेटर चढवला की तो अंश जाणवतही नाही.

बिल उतरतं. जिथे वीज कोळशावर होते, तिथे धूरही.

[दृश्य: संध्याकाळ. सगळे एकाच खोलीत, रजया पायांवर]

[दृश्य: पुन्हा मीटर. आजी आणि नात]

टीव्हीपासून संगणकापर्यंत सगळ्यांची बटणं भिंतीवरूनच बंद केलीत. चालू आहे फक्त राउटर. नात मोजतेय. वीस. चाळीस. ऐंशी. आकडे चुकतात, आजी सावरून घेतात. शंभर. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

लुकलुकला.