कुऱ्हाड घरून आणली, की शेतातच होती?

(एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सरकारी वकील होतो. एका खुनाच्या खटल्याचा निकाल लागला. आरोपीला आठ वर्षं सक्तमजुरी झाली, पण खुनाबद्दल नाही, सदोष मनुष्यवधाबद्दल. कोर्टाच्या व्हरांड्यात मयताची आई बसली होती. मी बाहेर आलो तशी ती उठली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, माझा पोरगा निम्माच मेला का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो. तिला नाही देता आलं, निदान तुम्हाला तरी द्यावं.

आईचं म्हणणं खरंच होतं. मरण निम्मं नसतं. मेलेल्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर सगळी मरणं सारखी. कायदा मात्र मेलेल्याकडे पाहून थांबत नाही. तो मारणाऱ्याकडे वळतो आणि विचारतो, घाव घातला त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं? मारायचंच होतं? की मारायचं नव्हतं, पण यानं मरू शकेल हे कळत होतं? की कळायला हवं होतं आणि तू लक्षच दिलं नाहीस? उद्देश, जाणीव, हयगय. आपला सगळा कायदा या तीन शब्दांवर उभा आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या कलमाचं तीनशे दोनचं एकशे तीन झालं, सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं तीनशे चारचं एकशे पाच, हयगयीनं झालेल्या मृत्यूचं तीनशे चार-अचं एकशे सहा. पारावर अजून तीनशे दोनच चालतं आणि मलाही सवय तीच आहे. आकडे बदलले, पण खून आणि सदोष मनुष्यवध यांच्या व्याख्या जवळपास जशाच्या तशा राहिल्या. त्या १८६० सालच्या आहेत.

आता एक गोष्ट, जी वकिलीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरांनाही उलटी वाटते. आपण समजतो की खून वेगळा आणि सदोष मनुष्यवध वेगळा. तसं नाही. सदोष मनुष्यवध हे मोठं रिंगण आहे आणि खून हे त्याच्या आतलं लहान रिंगण. प्रत्येक खून हा आधी सदोष मनुष्यवध असतो. त्याहून काही जास्त सिद्ध झालं तर तो आतल्या रिंगणात जातो. आणि आतल्या रिंगणात गेला की न्यायाधीशाचे हात बांधले जातात. खुनाला दोनच शिक्षा, फाशी किंवा जन्मठेप. त्याखाली उतरता येत नाही. बाहेरच्या रिंगणात मात्र जन्मठेपेपासून खाली बरीच जागा आहे. म्हणून या दोन रिंगणांमधल्या रेघेवर आम्ही वकील इतके भांडतो.

ही रेघ आपल्याकडे सगळ्यांत आधी नीट कुणी दाखवली असेल तर मुंबई उच्च न्यायालयानं, १८७६ साली, गोविंदाच्या खटल्यात. अठरा वर्षांचा नवरा, पंधरा वर्षांची बायको. त्यानं तिला लाथ मारून खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन जबर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. खून म्हणायचं की नाही यावर दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. मग प्रकरण तिसऱ्याकडे, न्यायमूर्ती मेल्व्हिल यांच्याकडे गेलं. त्यांनी सदोष मनुष्यवध आणि खून ही दोन कलमं शेजारीशेजारी मांडली आणि जिथं शब्द बदलतात तेवढेच शब्द ठळक केले. दीडशे वर्षं झाली, आजही हा विषय शिकवताना तोच तक्ता काढावा लागतो.

त्या तक्त्यातला फरक तुमच्या भाषेत सांगतो. 'यानं मृत्यू येण्याचा संभव आहे' अशी जखम करायची होती, तर सदोष मनुष्यवध. 'निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी आहे' अशी जखम करायची होती, तर खून. संभव आणि पुरेशी. एवढाच फरक, शक्यतेच्या मापाचा. मेल्व्हिल म्हणाले की व्यवहारात हे माप बहुतेक वेळा हत्यारावरून ठरतं. नाजूक जागी बसलेला ठोसा किंवा काठी जीव घेऊ शकते, पण त्याच जागी तलवारीचा वार बसला तर तो जीव घ्यायला पुरेसाच. गोविंदाकडे हत्यार नव्हतं, हाडही मोडलं नव्हतं. खून सिद्ध झाला नाही. सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

कायद्याच्या अंगानं मेल्व्हिल बरोबर होते असंच मला वाटतं. पण तो निकाल वाचताना मी दर वेळी त्या गुडघ्यापाशी थांबतो. पंधरा वर्षांच्या पोरीच्या छातीवर गुडघा रोवणाऱ्याला काय कळत होतं आणि काय नव्हतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या कोर्टानं फार लवकर ठरवून टाकलं, असं मला राहून राहून वाटतं.

त्याच १८७६ साली उत्तरेत दुसऱ्या एका प्रकरणानं गदारोळ उडाला होता. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं आपल्या साईसाला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराला, मारहाण केली. रविवारी चर्चला निघायचं होतं आणि साईस उशिरा आला, एवढंच कारण. साईस तिथून निघाला आणि थोड्याच वेळात मेला. शवविच्छेदनात प्लीहा फाटलेली निघाली. मॅजिस्ट्रेटनं फुलरला साध्या दुखापतीबद्दल ३० रुपये दंड केला. मलेरियानं इथल्या गरिबांची प्लीहा सुजलेली असायची, आणि साहेबाच्या लाथेनं कुणी मेला की 'आम्हाला काय माहीत, त्याची प्लीहाच खराब होती' हा बचाव त्या काळी ठरलेला असे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, ज्यांनी दोनच वर्षांनी देशी वर्तमानपत्रांची गळचेपी केली तेच लिटन, तेही या निकालावर चिडले आणि त्यांनी तो लेखी धिक्कारला.

मी हे का सांगतो? कारण आजाराचा विचार कायद्यात तेव्हाही होता. आजारी माणसाचं मरण ज्यानं लवकर ओढवलं, त्यानंच ते घडवलं असं कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. आणि समोरच्याचा आजार माहीत असून त्याला त्या आजारानं मरेल असा फटका मारला, तर तो थेट खून होतो. म्हणजे प्रश्न विचारायची सोय कायद्यात होती. देशात रोज नोकर मारले जात असताना साहेबाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न तिथं कुणी विचारलाच नाही. पायऱ्या कितीही बारीक पाडल्या, तरी मेलेला कोण आहे हे पाहून त्या वापरल्या तर काय उपयोग?

पायऱ्या पाडण्याची गरज सगळ्यांनाच पडली. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतःचा फौजदारी कायदा आहे. तिथं पेनसिल्व्हेनिया राज्यानं १७९४ साली खुनाला पहिली आणि दुसरी अशा श्रेणी दिल्या, त्या फाशी फक्त पहिल्या श्रेणीपुरती उरावी म्हणून. आपल्याकडे 'श्रेणी' हा शब्द कायद्यात नाही, पण १९७६ च्या पुन्नय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवधाच्या तीन श्रेणी स्पष्ट सांगितल्या. त्या खटल्यात मारेकऱ्यांनी काठ्यांनी फक्त हात आणि पाय फोडले होते. डोक्याला, छातीला, पोटाला हात लावला नव्हता. तरी कोर्टानं खूनच म्हटलं, कारण इतक्या हाडांचा चुरा करायचा तोच त्यांचा हेतू होता. 'फक्त पाय तोडायचे होते' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक नाव आपल्या जवळचं. न्यायमूर्ती विव्हियन बोस, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ साली विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता, आतडी बाहेर आली होती, माणूस दुसऱ्या दिवशी मेला. बचावाचा मुद्दा हा, की मारण्याचा उद्देश कुठं सिद्ध झालाय? बोस म्हणाले, मारायचा उद्देश होता का हे विचारूच नका. ती जखम करायची होती का, एवढंच पाहा. ती चुकून बसली नसेल, नेम धरून घातली असेल, तर उरलेला प्रश्न डॉक्टरांचा, की ही जखम निसर्गक्रमानुसार जीव घ्यायला पुरेशी आहे का? म्हणून उलटतपासणीत डॉक्टरला आम्ही त्या एका वाक्यावर इतका वेळ धरून बसतो. शवविच्छेदन अहवालात ते वाक्य नसेल, तर सरकारी वकिलाची अर्धी लढाई तिथंच जाते.

आता आतल्या रिंगणातून बाहेर यायच्या वाटा. त्या पाच आहेत, पण तुम्हा-आम्हाला भेटतात त्या मुख्यतः दोन. एक, अचानक झालेला गंभीर चिथावणीचा प्रकार. नानावटी खटला तुम्हाला माहीत आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई. बायकोनं परपुरुषाशी संबंध असल्याची कबुली दिली, नौदलाच्या कमांडरनं तिला नि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग त्या माणसाच्या घरी गेला. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. कारण घरातून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. राग शांत व्हायला तीन तास पुरेसे आहेत, आणि मधे जहाजावरचं ते रिव्हॉल्व्हर आहे. पुढे राज्यपालांनी माफी दिली, तो भाग वेगळा.

दुसरी वाट अचानक पेटलेल्या भांडणाची. ठरवून काही नाही, रागाच्या भरात, आणि मारणाऱ्यानं गैरफायदा घेतलेला नाही की क्रूरपणा केलेला नाही. बांधाची, पाण्याच्या पाळीची भांडणं इथं येतात. त्याकडे परत येतो.

तत्पूर्वी जाणीव. हा शब्द मला उद्देशापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण मोठी माणसं आणि मोठ्या कंपन्या क्वचितच कुणाला मारायला निघतात. १२ नोव्हेंबर २००६, पहाटे पावणेचारच्या सुमाराला वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली. तिथं रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात मेले. सत्र न्यायालयानं हयगय म्हटलं आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं, दारू पिऊन, भरधाव, असं हाकणाऱ्याला यातून माणसं मरू शकतात ही जाणीव होतीच. मग तो सदोष मनुष्यवध. तीन वर्षं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच मान्य केलं. सात माणसांमागे तीन वर्षं थोडीच आहेत, हे मीही म्हणतो. पण 'अपघात' हा शब्द त्या दिवशी बाजूला पडला, आणि तो पडायलाच हवा होता.

भोपाळमध्ये हे उलटं झालं. १९८४ च्या वायुगळतीत हजारो मेले. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप होता, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो हयगयीवर आणला. त्या कलमाची कमाल शिक्षा तेव्हा दोन वर्षं. २०१० साली निकाल लागला तेव्हा भोपाळच्या न्यायाधीशाच्या हातात दोन वर्षांपलीकडे काही नव्हतंच. लोक त्या न्यायाधीशावर चिडले. खरं तर निकाल चौदा वर्षांपूर्वीच, एका पायरीच्या फरकानं, लागून गेला होता. नव्या संहितेत हयगयीला पाच वर्षं केली आहेत, डॉक्टरांना उपचारात दोनच. ते चांगलं की वाईट यावर वेगळं बोलावं लागेल. पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून मिळून केलेल्या खुनाला आता स्वतंत्र पोटकलम आहे, ते मात्र फार आधी यायला हवं होतं.

आता त्या आईच्या खटल्याकडे. दोन चुलतभाऊ, पाण्याच्या पाळीवरून भांडण. फिर्यादीत लिहिलं होतं, 'आरोपी घरून कुऱ्हाड घेऊन आला आणि डोक्यात घातली.' घरून कुऱ्हाड आणली म्हणजे ठरवून आला. म्हणजे तीनशे दोन. मी ते धरून खटला चालवला आणि मला त्यात काही खोट दिसत नव्हती.

पंचनामा मात्र वेगळंच सांगत होता. जागेवर बाभळीचा अर्धा फोडलेला ओंडका होता आणि भोवती ताज्या ढलप्या पडल्या होत्या. मयताच्या हाताजवळ खोरं होतं. म्हणजे आरोपी तिथं सकाळपासून लाकूड फोडत होता, कुऱ्हाड त्याच्या हातात आधीपासूनच होती, आणि समोरचाही रिकाम्या हातानं आला नव्हता. आरोपीच्या खांद्यावर खोऱ्याचा वळ होता, तो डॉक्टरांनी नोंदवला होता. घाव एकच. न्यायाधीशांनी अचानक भांडणाचा अपवाद दिला. आठ वर्षं.

माझा खटला गेला तो त्या ढलप्यांच्या एका ओळीमुळं. पंचनामे कसे होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हवालदार लिहितो, पंच बाभळीखाली तंबाखू मळत बसतात आणि शेवटी सही ठोकतात. तसला पंचनामा असता तर तो माणूस जन्मभर आत गेला असता. आणि दुसऱ्या एखाद्या खटल्यात तसल्याच पंचनाम्यामुळं खरा खुनी आठ वर्षांत बाहेर येतो. तुमच्यापैकी कुणाला कधी पंच म्हणून बोलावलं, तर जा. काम बुडतं, कोर्टाच्या खेपा होतात, सगळं कबूल. तरी जा, आणि डोळे उघडे ठेवून उभे राहा.

त्या खटल्यातला पंच गावात दूध घालणारा होता. चौथीपर्यंत शिकलेला. मी त्याला जरा रागानंच विचारलं होतं, ढलप्या पडल्या होत्या हे पंचनाम्यात कशासाठी घातलं? पोलिसांनी सांगितलं होतं का?

तो म्हणाला, "नाही साहेब. त्यांनी सोडलं होतं. मला दिसल्या, म्हणून मी लिहायला लावलं."