पेशंटजवळ कोण थांबणार?

(डिमेन्शियाग्रस्तांची, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांची, घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय समाजसेविकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘महामारी, डिमेन्शिया आणि नैतिक पेच’. व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा, संमती कुणाची घ्यायची, हे सगळं त्यात येतं आणि मी तिकडे येणार आहे. पण त्याआधी एक जुनं दुखणं तुमच्यापुढे मांडू द्या.

आपल्याकडे माणूस ॲडमिट झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘पेशंटजवळ कोण थांबणार?’ दिवसा सून, रात्री मुलगा, डबा शेजारच्या वहिनींकडून. सरकारी रुग्णालयाचं निम्मं काम हा थांबणारा माणूसच करतो. खालून औषधं आणतो, भांडं देतो, सलाईन संपत आलं की सिस्टरना हाक मारतो. २०२० च्या मार्चमध्ये या माणसाला आपण वॉर्डाबाहेर काढलं. सुरुवातीला इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. सिस्टरनाच संरक्षक किट पुरत नव्हते, तिथे नातेवाइकांना कुठून देणार? माझं भांडण त्यापुढच्या महिन्यांशी आहे. किट आले, मास्क आले, पुढे लसही आली, पण डिमेन्शियाच्या पेशंटजवळ घरचं एक माणूस बसू द्यावं, हे बहुतेक ठिकाणी कुणाच्या मनातच आलं नाही.

या पेशंटला आपण कुठे आहोत हे समोरच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून उमगतं. तुम्हाला हे मी काय सांगायचं! कोविड वॉर्डात चेहरा गॉगलखाली, आवाज मास्कमागे. त्यात गडबडीत चष्मा घरी राहिलेला, कानातलं मशीन घरी, कवळी कुठल्याशा पिशवीत. अशा माणसाने उठून दाराकडे जायला लागलं तर त्याला ‘त्रास देतो’ म्हणायचं का?

एका कोविड केंद्रातली गोष्ट सांगते. आजी ऐंशीच्या आसपासच्या, ऑक्सिजनवर. नाकातली नळी दर थोड्या वेळाने उपसून टाकायच्या. सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला. शेवटी गॉजपट्टीने आजींची दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली आणि केसपेपरवर शेरा मारला, ‘अनकोऑपरेटिव्ह’. सिस्टरला मी दोष देत नाही. तिच्याजागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं. घरच्यांना फोन करून तब्येत कळवणं हे माझं काम. आजींच्या सूनबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “ताई, त्यांना ‘आजी’ म्हणून हाक मारू नका, ‘माई’ म्हणा. आणि हात रिकामे ठेवू नका. दुपारी कापूस दिला की वाती वळत बसतात, मग त्यांना दुसरं काही सुचत नाही.”

वाती! ड्रेसिंगचा कापूस वॉर्डात होताच. सिस्टरने पट्ट्या सोडल्या, ‘माई’ म्हणून हाक मारली आणि कापसाची गुंडी हातात दिली. माईंनी चादर मांडीवर नीट ओढून घेतली, तळहाताला किंचित थुंकी लावली (कोविड वॉर्डात!) आणि वळायला सुरुवात केली. हात कामात, नळी नाकात. हा कापूस काही चांगला नाही, अशी तक्रारही केली. संध्याकाळी सिस्टर मला विचारते, “मॅडम, एवढ्या वाती झाल्यात, ठेवू कुठे?” हसा, आम्हीही हसलो होतो. पण ही माहिती कुठल्याच केसपेपरवर नव्हती. ती एका सुनेच्या डोक्यात होती आणि ती सून दाराबाहेर उभी होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडमध्ये जॉन गेरार्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना डिमेन्शिया होता, तरी घरी ते हिंडतेफिरते होते. २०१४ मध्ये पायाच्या जखमांसाठी त्यांना रुग्णालयात ठेवलं. तेवढ्यात वॉर्डात नोरोव्हायरसची, म्हणजे जुलाब-उलट्यांची साथ आली आणि भेटी बंद झाल्या. पाच आठवड्यांनी ते घरी परतले तेव्हा हाडांचा सापळा उरला होता, चालणं गेलं होतं, धड बोलताही येत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. त्यांच्या लेकीने, लेखिका निकी गेरार्डने, मैत्रीण जुलिया जोन्सबरोबर ‘जॉन्स कॅम्पेन’ उभी केली. मागणी एकच : डिमेन्शियाच्या पेशंटजवळ काळजी घेणाऱ्या माणसाला थांबू द्या. कितीतरी रुग्णालयांनी ती मान्य केली. कोविड यायच्या सहा वर्षं आधी, एका साध्या साथीत, हा धडा मिळालेला होता! तरीही २०२० मध्ये तिथली दारं पुन्हा बंद झाली. त्या वर्षी मार्च ते जून या काळात इंग्लंड-वेल्समध्ये कोविडने गेलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाचा मुख्य जुना आजार डिमेन्शिया होता.

नेदरलँड्सनेही मार्चमध्ये वृद्ध राहतात त्या सगळ्या शुश्रूषागृहांतल्या भेटी बंद केल्या. पण मे महिन्यात २६ गृहांमध्ये दर रहिवाशामागे एका माणसाला येऊ दिलं, काय होतं ते तपासलं आणि मग बंदी सैल केली. आपल्याला एवढंही करता आलं नाही? जून २०२० मध्ये जळगावच्या रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजींचा मृतदेह काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. जवळ कुणी असतं, तर?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. आता छापलेला विषय भराभर घेते.

व्हेंटिलेटर. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, आयसीयूत घेण्यासाठी वयाची मर्यादा ठरवावी लागू शकेल. ब्रिटनने त्यासाठीच पासष्टीपुढच्यांची दुर्बलता, म्हणजे शरीर किती खंगलंय हे, मोजायची पट्टी पुढे केली. खाटा कमी पडल्या तर निवड करावी लागते, ते कुणालाच चुकत नाही. पण हा पेशंट या उपचाराने वाचेल का, आणि तो त्याला सोसेल का, एवढंच बघितलं पाहिजे. ‘डिमेन्शिया’ हा शब्द वाचून फाइल बाजूला ठेवणं हा अन्याय आहे. विसरभोळ्या आजोबांचं फुप्फुस धडधाकट असू शकतं.

लक्षणं. अमेरिकेत कोविड घेऊन इमर्जन्सीत आलेल्या ८१७ वृद्धांच्या पाहणीत २८ टक्क्यांना डेलिरियम होता, म्हणजे अचानक भ्रम. काहींना ताप नव्हताच. ‘आई कालपासून काहीतरीच बोलतेय’, हे रोज सोबत राहणाऱ्यालाच कळतं.

बांधणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तरच बांधा. पण हे बंधन मानसिक आरोग्य आस्थापनांना, म्हणजे मनोरुग्णालयांसारख्या ठिकाणांना. कोविड वॉर्डात कोण विचारणार होतं? झोपेची इंजेक्शनंही तशीच. मनोविकारांवरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय.

लस. मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांना लस खुली झाली, पण अंथरुणाला खिळलेल्यांना ती घरी मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

माझी मागणी तुम्हाला कळलीच आहे. पुढच्या साथीची योजना आखताना डिमेन्शियाच्या प्रत्येक पेशंटमागे घरच्या एका माणसासाठी किट आणि लस कर्मचाऱ्यांच्या हिशेबातच धरा. तो पाहुणा नाही.

आणि तुमच्यासाठी दोन कामं. एक, पेशंटची माहिती एका पानावर लिहा : हाक कशी मारायची, काय दिलं की शांत होतात, कशाला घाबरतात, चष्मा-मशीन-कवळी कुठे असते. त्याच्या दोन प्रती करा, एक औषधांच्या पिशवीत ठेवा. दुसरं, निदान नुकतंच झालं असेल आणि अजून समजत असेल, तर मघाशी सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली त्यांच्याकडून नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून घ्या, म्हणजे पुढे मानसिक आरोग्याच्या उपचारांबाबत त्यांच्या वतीने कोण बोलणार हे ठरलेलं राहील. स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद चालतो, त्यावर त्यांची सही किंवा अंगठा. समजतंय तोवरच करा, पुढे ढकलू नका. नमुना बाहेर टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा.