मधली रिकामी जमीन

फ्रेंच चित्रकार पॉल दलारोशच्या या चित्राच्या मधोमध कोणीच नाही. नुसती जमीन.

उजवीकडे, पलंगाच्या पायथ्याशी एक उंचापुरा माणूस मरून पडलाय. डाव्या टोकाला मारेकऱ्यांचा घोळका. आणि त्यांच्या आडून, दारातून हळूच डोकावणारा तो कोण? फ्रान्सचा राजा, हेन्री तिसरा. हुकूम त्याचाच. पण प्रेताजवळ यायला पाय उचलत नाही.

23 डिसेंबर 1588. फ्रान्समधल्या ब्लवा गावचा राजवाडा. मेलेला माणूस गीझचा ड्यूक, नाव त्याचंही हेन्रीच. कडव्या कॅथलिकांचा हा पुढारी पॅरिसमध्ये इतका लाडका, की त्याच वर्षी मे महिन्यात लोकांनी त्याच्या बाजूनं रस्ते अडवले आणि राजालाच शहर सोडून पळावं लागलं. सात महिन्यांनी राजानं डाव साधला. भल्या सकाळी ड्यूकला भेटीला बोलावलं आणि आपल्या अंगरक्षकांकडून संपवलं.

दलारोशनं हे रंगवलं 1834 मध्ये. आदल्या पिढीनं खऱ्याखुऱ्या राजाचं मुंडकं गिलोटिनखाली उडालेलं पाहिलं होतं. त्यानंतर जुन्या राजांकडे वळलेल्या फ्रेंच चित्रकारांना रणांगणापेक्षा शयनगृहं, तुरुंग, मृत्युशय्या जवळच्या वाटू लागल्या. काहींनी त्यात नुसतं हळहळणं भरलं. रेशीम सुंदर, अश्रू सुंदर. दलारोशही त्या मोहातून सुटलेला नाही. त्याची लेडी जेन ग्रे पाहा, इंग्लंडची काही दिवसांची राणी. प्रत्यक्षात तिचा शिरच्छेद उघड्यावर झाला, यानं तिला अंधाऱ्या दालनात आणून पांढरीशुभ्र रंगवली.

इथे मात्र रडणारं कोणी नाही. वार होतानाचा क्षणही नाही. तो होऊन गेलाय. मारेकरी तलवारी हातात घेऊन एकमेकांना खेटून उभे आहेत, जणू मेलेला माणूस अजून उठेल. नाटकाच्या रंगमंचासारखी ही मांडणी, आणि नट सगळे दोन कडांना! भीती मोजायची तर ती मधली जमीन मोजावी.

राजाला हा खून पचला नाही. जेमतेम आठ महिन्यांत, ऑगस्ट 1589 मध्ये, एका तरुण कॅथलिक संन्याशानं त्याला भोसकलं.

चित्र तसं लहानच, मीटरभरही रुंद नाही. ते आहे शांतियीच्या कोंदे संग्रहालयात. इथली चित्रं बाहेर उसनी द्यायची नाहीत, ही देणगीदाराची अट. त्यामुळे दारातून डोकावणारा हा राजा बघायचा, तर पॅरिसच्या उत्तरेला शांतियीलाच जावं लागतं.