चर्चमधली बाकं कुठून आली?

श्रोतेहो, नमस्कार. चर्चमध्ये पाऊल टाकलं की आधी नजरेत भरतात ती ओळीनं मांडलेली लाकडी बाकं. ती पहिल्यापासून तिथेच होती असं आपण धरून चालतो. पण मध्ययुगीन युरोपात देवळात बहुतेक लोक उभे असत, नाहीतर गुडघे टेकलेले. बाकं सर्रास झाली ती सोळाव्या शतकापासून, आणि त्याचं मोठं कारण अगदी व्यवहारी होतं: प्रवचन लांबलं. तासभर ऐकायचं तर बसायला हवं.

ते लांबवलं धर्मसुधारणेनं, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ ज्यातून निघाले त्या चळवळीनं. धर्मसुधारणा म्हटलं की ३१ ऑक्टोबर १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथर आणि पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ९५ मुद्दे आठवतात. ते मुद्दे लॅटिनमध्ये होते, विद्वानांनी त्यांवर वाद घालावा म्हणून लिहिलेले. ल्यूथर यांनी ते चर्चच्या दाराला खिळे ठोकून लावले की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. ते भांडण त्यांच्याकडेच राहू दे. त्या चळवळीचं टिकलेलं काम पाहायचं असेल तर रविवारची उपासना पाहावी. वेदीपुढे नुसता हजर असणारा माणूस तिथे ऐकणारा, वाचणारा आणि गाणारा झाला.

ऐकण्याचंच घ्या. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये झ्विंग्ली या सुधारकांनी १ जानेवारी १५१९ रोजी नेमून दिलेले उतारे बाजूला ठेवले आणि मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून सलग समजावून द्यायला सुरुवात केली. पाळकसाहेब नव्या करारातलं एखादं पत्र हाती घेऊन आठवड्यामागून आठवडे ते ओळीनं उलगडतात, ती रीत या वळणाची.

वाचणाऱ्यासाठी पुस्तक ल्यूथर यांनी दिलं. वार्टबुर्ग किल्ल्यात लपून असताना त्यांनी नवा करार सुमारे अकरा आठवड्यांत जर्मनमध्ये उतरवला. १५२२च्या सप्टेंबरात तो छापून आला आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. जर्मन बायबलं त्याआधीही छापली गेली होती, पण ती लॅटिनवरून केलेली आणि वाचायला जड. ल्यूथर मूळ ग्रीककडे गेले, आणि भाषेसाठी घरातली आई, रस्त्यातली पोरं आणि बाजारातला माणूस यांच्याकडे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, त्यांनी ‘केवळ’ विश्वासानं असा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. विरोधकांनी त्यावर रान उठवलं, तेव्हा १५३०मध्ये त्यांनी उत्तर दिलं की जर्मन माणूस असंच बोलतो. अर्थात, त्या एका शब्दात त्यांची सगळी शिकवण बसत होती हेही खरं.

‘योहान तीन सोळा’ असं म्हटल्याबरोबर आपण पान काढतो, ते वचनांच्या आकड्यांमुळे. नव्या कराराला आजचे आकडे घातले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकानं, १५५१ साली. १५६०च्या जिनीव्हा बायबलमध्ये तर प्रत्येक वचन वेगळ्या ओळीवर आलं. शोधायला सोय झाली, पण वचन सुटं काढून मागचा-पुढचा संदर्भ तोडायचीही सोय झाली. आजचे अर्धे वाद तिथूनच निघतात. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं आणि कॅथलिक शास्त्रात ७३, हा सात पुस्तकांचा फरकही जुन्या कराराच्या यादीबद्दलच्या त्याच काळातल्या वादानं पक्का केला.

गाण्याच्या बाबतीत सुधारकांचं एकमत नव्हतं. १५२४मध्ये जर्मनमध्ये आठ गीतांची एक पुस्तिका निघाली, त्यातली चार ल्यूथर यांची. जिनीव्हात तिथले सुधारक कॅल्व्हिन यांच्या आग्रहानं बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं छंदात बसवली गेली. ते काम १५६२ साली पुरं झालं. आणि झ्विंग्ली? स्वतः उत्तम वादक, पण त्यांनी उपासनेतून संगीतच काढून टाकलं. झुरिकच्या चर्चमध्ये गाणं परतलं ते १५९८मध्ये.

प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, मात्र गाडी अडली. १४१५मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेनं सामान्यांना फक्त भाकर देण्याची रीत कायम केली होती. सुधारकांनी पेलाही लोकांच्या हाती दिला. पण १५२९मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले तेव्हा पंधरापैकी चौदा कलमांवर जुळलं आणि पंधराव्यावर फाटलं. ‘हे माझे शरीर आहे’ यातलं ‘आहे’ म्हणजे खरोखर आहे, की दर्शवतं? ल्यूथर यांनी ते लॅटिन वाक्य खडूनं टेबलावर लिहूनच ठेवलं होतं. निवाड्याला पोप नको, शास्त्र पुरे, असं ठरल्यावर शास्त्राच्या अर्थावरून दोघांचं फाटलं तर निवाडा कोण करणार? प्रॉटेस्टंट पंथांची संख्या वाढत गेली त्याचं मूळ मला याच प्रश्नात दिसतं. आणखी एक उलटी गोष्ट घडली. कॅल्व्हिन यांना प्रभुभोजन दर आठवड्याला हवं होतं, पण जिनीव्हात ते वर्षातून चार वेळाच होऊ लागलं. प्रवचनानं वेदी झाकली, ही उणीव मान्य करायला हवी.

कॅथलिक चर्चही तिथंच थांबलं नाही. ट्रेंटच्या परिषदेनं १५६३मध्ये धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी काढण्याचा आदेश दिला. लोकभाषेतल्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, दार उघडलं ते ४ डिसेंबर १९६३ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. वसईत आज मिस्सा मराठीत होते ती त्यानंतरची. मराठीची ओढ त्यापूर्वी नव्हती असं मात्र नाही. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६चं. ते ख्रिस्ताची कथा सांगत होतं, बायबलचा अनुवाद नव्हतं. पापी मनुष्य नीतिमान कसा ठरतो, या मूळ भांडणावर लुथरन आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्ग इथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

छापील मराठी नवा करार आला तो १८११ साली, सेरामपूरहून, विल्यम केरी यांच्या खटपटीतून. गाण्यांत परक्या चालींवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घांची ओढाताण व्हायची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली आणि मंडळी टाळ-मृदंगावर गाऊ लागली. पंडिता रमाबाईंना केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं बायबल हवं होतं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये, ते प्रसिद्ध झालं. छापण्याचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं, अगदी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून.