तांब्याभर पाणी आणि चिऱ्याची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेकडची भिंत काही वर्षांपूर्वी नव्याने उभारावी लागली. खाणीवरून जांभ्याचे ताजे चिरे आले होते, लालभडक, मधूनमधून पिवळी झाक असलेले. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा मी गवंडीकाकांना म्हटलं, "काका, याला गिलावा नको करायला. नुसत्या दर्जा, चिऱ्यांमधल्या फटी, भरू. चिरा असाच दिसू दे, किती छान दिसतोय!" काका काही बोलले नाहीत. बादलीतलं तांब्याभर पाणी घेऊन त्यांनी ते भिंतीवर ओतलं. अर्धंअधिक पाणी खाली पोचलंच नाही, चिऱ्याने वाटेतच पिऊन टाकलं. मग काका म्हणाले, "एका तांब्याची ही गत, ताई. आषाढात काय होईल?"

मी वास्तुविशारद आहे. नवी कल्पना सुचते कुठून, असं विद्यार्थी मला नेहमी विचारतात. सुंदर इमारतींची छायाचित्रं पाहून सुचते, असं पुष्कळ वर्षं मलाही वाटायचं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. कल्पना सामानातूनच येते. हातातल्या दगडाला काय झेपतं आणि काय झेपत नाही, हे कळलं की नकाशावरची रेघ आपोआप वळायला लागते.

जांभा दगडाचंच बघा. जमिनीत असतो तोवर तो इतका मऊ असतो की पूर्वी माणसं तो हत्याराने तासून त्याचे चिरे काढत. उघड्या हवेत आला की तो हळूहळू कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज अमलातल्या डॉक्टरने मलबारमधल्या अंगाडिपुरमजवळ हे पाहिलं आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीतून तयारच निघणारी वीट! पण तिच्या अंगभर भोकं असतात, म्हणून ती पाणी पिते. आपल्या कोकणातलं घर या एका गोष्टीभोवती रचलेलं आहे. उतरतं छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येतं, पागोळ्या लांब पडतात, मध्ये पडवी असते. पावसाळ्याच्या तोंडावर वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात. आज शहरातले लोक जिचे फोटो काढतात ती पडवी शोभेसाठी आलेली नाही, भिंत कोरडी राहावी म्हणून आली आहे.

हे विसरलं तर काय होतं, ते पाहायला जुन्या गोव्याला जावं. बॉम जेझूस बासिलिकेचं बांधकाम 1594 साली सुरू झालं आणि 1605 मध्ये पुरं झालं. भिंती जांभ्याच्या, आणि दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी काळा दगड थेट आपल्या वसईहून नेलेला. त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. गेल्या शतकाच्या मध्याला तो बाहेरून काढून टाकण्यात आला. तेव्हापासून लालसर, उघडी बासिलिका हेच तिचं रूप लोकांच्या मनात बसलं. मलाही ते देखणं वाटतं, नाही म्हणत नाही. पण त्या भिंतीजवळ उभी राहून मी दगडावरून बोट फिरवलं, तेव्हा बोटाला लाल भुकटी लागली. दर पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते आणि थोडी थोडी झिजते. चुना त्या दगडाची कातडी होता. तो काढताना काकांसारखं कोणी तांब्याभर पाणी ओतून दाखवलं असतं तर, असं मला फार वाटून गेलं.

सामानाचं ऐकणारा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला. वास्तुविशारद लॉरी बेकर. जन्म 1917 चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. शिक्षणही तिथलंच. युद्धाच्या काळात चीनमध्ये सेवा करून परतताना जहाजाची वाट पाहत तो मुंबईत थांबला आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार बेकर आयुष्यभर सांगत राहिला. पुढे हिमालयातल्या पिथोरागढच्या डोंगरात तो सोळा वर्षं राहिला. इंग्लंडमध्ये शिकलेलं तिथे फारसं उपयोगी पडेना. तेव्हा दगड, लाकूड आणि माती यांनी घरं बांधणाऱ्या गावकऱ्यांकडून तो नव्याने शिकला. नंतर केरळात गेला आणि तिथलाच झाला.

त्याची एक युक्ती मला अतिशय प्रिय आहे. स्लॅबवर भार आला की तिचा खालचा भाग ताणला जातो. तो ताण सळई घेते, काँक्रीट घेत नाही. म्हणजे तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवत असतं. बेकरने त्या जागी जुनी मंगळुरी कौलं ठेवली. काँक्रीट वाचलं, सळई कमी लागली, आणि दोन कौलं एकावर एक ठेवली की मधल्या हवेमुळे उकाडाही कमी झाला. विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची, ही पद्धतही त्याने केरळात रुजवली. त्यात साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. तिरुवनंतपुरमला स्टेशनजवळ त्याचं गोल, चढत जाणारं इंडियन कॉफी हाऊस आहे. भिंतीच्या जाळीतून उजेड येतो आणि चढावर चढतच टेबलं लागतात. तिथे बसून कॉफी प्यावी आणि वर बघावं.

मी गवंडीकाकांचं ऐकलं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा केला. चिरा उघडा ठेवला तो फक्त पडवीत, जिथे पाऊस पोचत नाही. आणि घराच्या मागच्या खोलीवर बेकरसारखी स्लॅब घातली. त्यासाठी कौलं विकत आणली नाहीत, पाडलेल्या गोठ्याचीच घेतली. मंगळूरला जेप्पूत बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ही कौलं आपल्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या गोठ्याची कौलं कुठल्या तरी नंतरच्या कारखान्याची असावीत. त्यांच्या पाठीवरचा शिक्का खालून दिसावा, अशी काकांनी एकेक नीट बसवली. एका कौलाचा कोपरा उडालेला होता. ते मी बाजूला काढत होते, तर काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मधोमध लावलं.

आई आता दुपारी त्याच खोलीत पडते. उडालेल्या कोपऱ्याचं ते कौल गाईच्या गव्हाणीवरचं, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं.