राग माणसाचा की शुगरचा?

नमस्कार. आहार, व्यायाम आणि गोळ्या यांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे, त्यामुळे आज ते बाजूला ठेवतो. आज बोलायचंय घरातल्या भांडणांबद्दल. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच: "तुझी शुगर बघ आधी, म्हणून चिडतोयस." हे वाक्य एखाद्या दिवशी जीव वाचवतं आणि एखाद्या दिवशी समोरच्याचा घोर अपमान करतं. यातला आजचा दिवस कुठला, हे कसं ओळखायचं ते बघू.

आपल्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण स्वस्थ बसलेलं शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा मेंदू घेतो. साठा मात्र त्याच्याकडे नसल्यातच जमा. रक्तातून जे ग्लुकोज येईल त्यावर त्याची घडीघडीची गुजराण चालते. म्हणून साखर ७० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली की शरीर ते संकट मानतं आणि ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन अशी संप्रेरकं सोडतं. ॲड्रेनलिन म्हणजे आपण घाबरतो तेव्हा सुटतं तेच. हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, भूक लागते. जोडीला एक विनाकारण धास्ती असते. आता गंमत बघा. शरीर घाबरलेलं आहे, पण समोर घाबरण्यासारखं काहीच नाही. मग मन कारण शोधायला लागतं, आणि सर्वात जवळ जे माणूस असेल ते कारण ठरतं.

साखर आणखी घसरून ५४ च्या खाली गेली की गोष्ट बदलते. आता मेंदूच उपाशी पडू लागतो. तारतम्य आणि स्वतःवरचा ताबा लवकर सुटतात. माणूस हट्टाला पेटतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, जीभ जड होते, चाल अडखळते. रस्त्यावर असेल तर लोकांना वाटतं, प्यायलेला आहे. तुम्ही ग्लुकोजचं पाणी पुढे केलंत तर तो हात झटकतो, "मला काही झालेलं नाही" म्हणून ओरडतो. नातेवाईकांना हे फार लागतं. पण आपली शुगर लो झाली आहे हे ज्या अवयवाने ओळखायचं, तोच अवयव त्या वेळी कामावर नसतो. पुष्कळांना नंतर यातलं काही आठवत नाही. त्यामुळे "काल तू मला काय बोललास" याचा हिशेब मांडण्यात काही अर्थ नाही.

अशा वेळी वाद घालू नका. "तुझी शुगर लो आहे, ऐक माझं" हेसुद्धा त्याला भांडणच वाटतं. आवाज न चढवता, दोनच शब्दांत, "हे पी" म्हणा. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश जाते. अकार्बोज नावाची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असेल आणि वापरता येत असेल तर ते द्या, नाहीतर थेट रुग्णवाहिका. आणि मीटरवर आकडा सुधारला की डोकंही लगेच ताळ्यावर आलं असं समजू नका. त्याला अर्धा-पाऊण तास मागून लागू शकतो. तेवढ्यात गाडीची किल्ली हातात द्यायची नाही, आणि अर्धवट राहिलेलं भांडणही पूर्ण करायचं नाही.

काहींना थरथर, धडधड जाणवतच नाही. शरीराची धोक्याची घंटा बंद पडलेली असते. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांत, वारंवार शुगर लो होणाऱ्यांत हे दिसतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेले काही बीटा ब्लॉकरही ही लक्षणं झाकतात, घाम मात्र येतो. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं मंदावली की औषधाचा असर लांबतो. आजोबा असंबद्ध बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात, वयच झालं आता. वयाला दोष देण्याआधी बोटातून एक थेंब रक्त काढून बघा ना! रात्री वाईट स्वप्नं पडणं, सकाळी कपडे घामाने भिजलेले असणं, डोकं दुखणं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वाढलेली साखर असा तमाशा करत नाही. साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीतून जायला लागते, रात्री उठउठ होते, झोप मोडते, दिवसभर अंग जड आणि डोकं सुस्त. हे इतकं हळूहळू होतं की "त्याचा स्वभावच तसा" असं घर ठरवून टाकतं. उलट ज्यांची साखर फार दिवस चढी राहिली, त्यांना उपचार सुरू झाल्यावर १०० ते १२० लाच शुगर लो झाल्यासारखं वाटतं. आकडा नॉर्मल असला तरी त्रास खरा असतो. शरीर नव्या पातळीला रुळेपर्यंत थोडा काळ जातो. त्या काळात घाबरून औषध सोडू नका.

आता एक बारीक मुद्दा. भांडणानंतर मीटरवर २४० दिसले म्हणून साखरेमुळेच तो चिडला, असं सिद्ध होत नाही. रागात, ताणात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, आणि त्यानेही साखर चढते. कमी आकडा पुष्कळ काही सांगतो, पण चढ्या आकड्यावरून निवाडा करू नका. आणि मीटर ११० म्हणाला, तरी माणूस रागावलेलाच आहे, तर त्याच्या रागाला कारण आहे आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल! चार लोकांत "शुगर बघ" म्हणून त्याला गप्प करणं मला तरी अजिबात पटत नाही. कुठल्या शब्दांत आठवण करून दिली तर चालेल, हे त्यालाच विचारून ठेवा, तेही सगळं शांत असताना.

चिडचिडीमागे तिसरंही काही असू शकतं. रोजचे आकडे, रोजच्या सुया, ताटावर खिळलेल्या इतरांच्या नजरा, यांनी माणूस शिणतो. मधुमेह असणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. थकवा आणि झोपेचं बिनसणं दोन्हींत सारखंच, त्यामुळे नैराश्य साखरेच्या खात्यात जमा होऊन जातं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. "आधी शुगर ताब्यात आणा, मग मनाचं बघू" असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका; ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो वेळेवर इन्सुलिन घेणार कसा? दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू करता येतात.