ओबीवर अडकलेली शिल्पं

श्रोतेहो, नमस्कार.

किमोनोला खिसा नसतो. बायका लहानसहान वस्तू बाहीत किंवा ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, घडीत ठेवत. पुरुषांची पंचाईत व्हायची. तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, औषधाची लाखकाम केलेली डबी, हे सगळं बाळगायचं कुठे? आपल्याकडे धोतराच्या कनवटीला पैसे लावत. जपानी पुरुषांनी वस्तू दोरीला बांधून कमरेला टांगल्या. दोरी ओबीखालून वर घ्यायची आणि वरच्या टोकाला एक गुंडी बांधायची. गुंडी पट्ट्याच्या काठावर अडकून राहते, वस्तू खाली लोंबते. ही गुंडी म्हणजे नेत्सुके. दोरीवर मध्ये एक मणी असतो, तो ओजिमे. मणी खाली सरकवला की डबीचं झाकण घट्ट बसतं, वर सरकवला की डबी उघडते.

इतकं साधं काम. पण एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अडीचशे वर्षांत, या कामाच्या वस्तूतून जगातली एक अतिशय नाजूक शिल्पकला घडली. व्यापारी आणि कारागीर यांच्या हाती पैसा येत होता, पण भपकेदार कपड्यांवर सरकारची बंधनं होती. मग हौस उतरली ती अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूंवर.

नेत्सुके साधारण तीन-चार सेंटिमीटरचं. त्यात उंदीर, बेडूक, झोपलेला भिक्षू, राक्षस, काय वाटेल ते कोरता येतं. अट एवढीच की कुठलंही टोक बाहेर यायला नको, नाहीतर ते कापडात अडकेल आणि मोडेल. म्हणून बैल पाय पोटाशी घेऊन बसतो, उंदराची शेपटी अंगाभोवती वळते. मला वाटतं, या कलेचं सगळं सामर्थ्य या अटीतून आलं आहे. शिवाय वस्तू कमरेवर फिरते, हातात येते, म्हणून तळही कोरलेला असतो. तिथे किंवा पाठीमागे दोरीसाठी दोन भोकं असतात. पुष्कळदा एक मोठं, एक लहान. मोठ्या भोकात दोरीची गाठ लपते. चांगला कारागीर ही भोकं वेगळी दिसूच देत नाही. प्राण्याचा दुमडलेला पाय आणि पोट यांच्यामधली फट हेच त्याचं भोक.

हस्तिदंताच्या नेत्सुकेंचं कौतुक फार झालं आहे. माझा ओढा लाकडाकडे. त्सुगे नावाचं झाड फार सावकाश वाढतं, त्यामुळे लाकूड कठीण आणि रेषा अगदी बारीक. इसेच्या यात्रेच्या वाटेवरच्या यामादा गावात मासानाओ नावाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या या लाकडात बेडूक कोरले. बेडकाच्या अंगावरच्या पुटकुळ्या काढण्याची एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. आधी बोथट हत्यारानं लाकडात बारीक खळगे दाबायचे. मग आजूबाजूचा पृष्ठभाग तासून खळग्यांच्या तळापर्यंत आणायचा. आता सगळं सपाट दिसतं. त्यावर पाणी लावलं की दाबलेले तंतू फुगतात आणि नेमक्या त्या ठिकाणी पुटकुळ्या वर येतात. या तंत्राला उकिबोरी म्हणतात. लाकडाचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम करून घेणं यापेक्षा सुंदर कुठे पाहायला मिळेल!

ताकायामाच्या सुकेनागानं वेगळा मार्ग धरला. त्या काळी नाराची लाकडी शिल्पं रंगवलेली असत. त्यानं रंग सोडला आणि इचीई हे लाकूड तसंच ठेवलं. याचा गाभा तांबूस, बाहेरचा भाग पांढरट. दोन्ही छटा एकाच शिल्पात खेळवायच्या. मोजक्या, धारदार कापांची ही शैली ताकायामात अजून टिकून आहे.

1781 साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यूनं तलवारीच्या साजावर एक ग्रंथ काढला. त्याच्या शेवटी पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. यातले कितीतरी जण तेव्हा जोडधंदा म्हणूनच हे काम करत होते.

ओजिमेकडे मात्र लोक पटकन पाहत नाहीत, आणि ते मला खटकतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या मण्यात आरपार भोक, आणि भोवतीनं कोरीव काम! पोवळं, गोमेद, लाकूड, फळांच्या कोया, धातू, सगळं वापरलं जाई. 1876 मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, तेव्हा तलवारींचा साज घडवणारे अनेक धातुकारागीर अशा छोट्या वस्तूंकडे वळले.

त्याच सुमारास पाश्चात्त्य पोशाख आला, खिसे आले, सिगारेट आली. नेत्सुकेचं काम संपलं आणि ती जहाजांनी युरोप-अमेरिकेत गेली. त्यामुळे आज उत्तम संग्रह लंडनमध्येही आहेत. जपानमध्ये क्योतोच्या मिबू भागात एका जुन्या सामुराई घरात 2007 पासून नेत्सुकेंचं संग्रहालय आहे, आणि तिथे आजच्या कारागिरांची कामं मोठ्या संख्येनं आहेत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आल्यापासून लाकूड आणि सांबरशिंग यांचं महत्त्व पुन्हा वाढलं आहे.

कुठल्या संग्रहालयात नेत्सुके दिसलं, आणि खाली आरसा ठेवलेला असला, तर आधी तळ पाहा. दोन भोकं शोधा. मग त्यांच्या कडा दोरीनं किती झिजल्या आहेत ते बघा.